डेल इतका खुश का?

"डेल खुश आहे," बसच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवत नोरीन म्हणाली.

"बरं मग?"

"बरं काय? नवरा घरात शिट्टी वाजवत फिरतोय, वैजू. भांडी घासताना शिट्टी. तुझा नवरा करतो असं?"

माझा नवरा भांडीच घासत नाही, त्यामुळे तुलना करायला जागा नव्हती. मी हसले. नोरीन हसली नाही. समोरची खुर्ची ओढून बसली आणि खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या आपल्या बसकडे बघत राहिली.

अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या आमच्या गावात नोरीन टिबो शाळेची बस चालवते आणि मी त्या शाळेच्या ऑफिसात बसते. मी इथे आले तेव्हा मला बर्फात गाडी कशी चालवायची हे तिने शिकवलं, तेव्हापासूनची आमची मैत्री. ठेंगणी, रुंद खांद्यांची, पांढरे केस पुरुषांसारखे कापलेली बाई. कोणी काही सांगितलं की आधी त्याच्या तोंडाकडे बघायची, मग हातांकडे, आणि मग "अस्सं" म्हणायची. त्या "अस्सं"ला शाळेतली पोरंच काय, मुख्याध्यापकही टरकून असत.

हा संशय ती जन्माला येताना घेऊन आली नव्हती. तो तिला डेलने शिकवला.

डेल ग्रॅनाइटच्या शेडमध्ये कबरीचे दगड कापतो. उंच, वाकलेला, मवाळ माणूस. तरुणपणापासून त्याला एकच वेड, 'स्लो फेरी' नावाचा बँड. हे लोक एक गाणं कधी दोनदा सारखं वाजवत नाहीत. मनात येईल तसं लांबवतात, भरकटतात, परत येतात. त्यांच्यामागे गावोगाव फिरणारे हजारो लोक आहेत, डेल त्यातलाच. लग्नानंतर नोरीन दोनदा त्याच्याबरोबर गेली आणि मग म्हणाली, "माझ्या बसचं इंजिन पाऊण तास असं घरघरलं तर मी मेकॅनिकला बोलावते."

"तू वाट बघतेस गाणं कधी संपेल त्याची," डेल तिला म्हणाला होता. "आम्ही वाट बघतो ते कुठे जाईल त्याची."

पुढे शेडमध्ये दगड घसरला आणि डेलच्या पाठीला लागलं. डॉक्टरांनी वेदनेवर गोळ्या दिल्या. लांबट, पिवळ्या. डॉक्टरांनी त्या बंद केल्यावर डेलला त्या बँडच्या कार्यक्रमांबाहेर, गाड्या लावायच्या मैदानात मिळायला लागल्या. तिथे काय वाटेल ते मिळतं. नोरीनला त्या घरात सापडत गेल्या. पक्ष्यांच्या दाण्याच्या डब्यात, ड्रिल मशीनच्या पेटीत, ख्रिसमसच्या झाडावर लावायच्या चांदणीच्या पोकळीत. दर वेळी डेल शपथ घ्यायचा. तिच्या आईच्या अंत्यविधीच्या दिवशी चर्चमध्ये तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "आज काही घेतलेलं नाही, नोरीन. आज तरी नाही." आणि प्रार्थना चालू असताना बाकावर बसल्या बसल्या त्याची मान पुढे पडली.

त्या दिवसानंतर तिने विश्वास ठेवायचं सोडून दिलं. आणि डेल गोळ्या घेत होता तोवर तिचं कधी चुकलं नाही. तिला जेव्हा जेव्हा संशय आला, तेव्हा तेव्हा तो खरा निघाला.

मग डेल त्यातून सुटला. उपचारकेंद्रात राहून आला, गोळ्या सोडल्या, दारू सोडली, आणि त्यांच्याबरोबर बँडही सोडला. रेकॉर्डिंगच्या पेट्या कोणाला तरी देऊन टाकल्या. काही वर्षं घर अगदी शांत होतं. नोरीन त्याच्या शर्टांचा वास घ्यायची, दिव्याखाली त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या आकसल्यात का ते बघायची, ट्रक किती मैल चालला ते बघायची. डेल डोळे मोठे करून दिव्याखाली उभा राहायचा.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तो म्हणाला, "मला परत एकदा ऐकायचंय त्यांना." घरात केवढं तरी भांडण झालं. तो गेला. परत आला तो शुद्धीवर, आणि खुश. पुढच्या वेळी गेला, अजून खुश. मग त्याला फोन यायला लागले. लिनवुड नावाचा कोणी. फोन आला की डेल उठून बाहेर पायरीवर जाऊन बसायचा.

"काल मी ऐकलं," नोरीन म्हणाली. तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली. "स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. डेल म्हणत होता, 'शनिवारी. मधल्या सुट्टीत, नेहमीच्या जागी. पिवळं मी आणतो. मागच्या वेळी कमी पडलं होतं.' आणि मग म्हणाला, 'नाही रे, तिला नाही सांगितलं. आत्ता नको.'"

"पिवळं?"

"पिवळं."



"त्यालाच विचार ना सरळ," मी म्हणाले.

"विचारलं तर काय सांगेल? चर्चमध्ये विचारलं होतं, तेव्हा काय सांगितलं?" ती उठली. "शनिवारी मी तिथे जाणार आहे. त्याला न सांगता. तू येतेस का?"

मला नाही म्हणवेना. खरं सांगायचं तर तोवर मलाही तिच्या संशयाची लागण झाली होती. त्याच आठवड्यात शाळेच्या सहलीसाठी डेल खुर्च्या उचलायला आला, तर मी त्याला लिंबू सरबत देताना मुद्दाम त्याच्या डोळ्यांत बघितलं. तो माझ्याकडे बघून हसला. मला वाटलं, जरा जास्तच हसला.

कॅनडाच्या हद्दीजवळ एका गोठेवाल्याच्या कुरणावर तो उत्सव भरतो. तीन दिवस, बँडवर बँड, पण गर्दी सगळी 'स्लो फेरी'साठी. आम्ही गाडी लावली ते मैदान म्हणजे एक गावच झालं होतं. तंबू, झेंडे, कुत्री, चुलीवरची कांद्याची वाफ. रंगांनी माखलेल्या शर्टातली म्हातारी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. एक दाढीवाला एक बोट आकाशाकडे करून हळूहळू फिरत होता.

"हा काय दाखवतोय वर?" नोरीनने विचारलं.

"त्याच्याकडे तिकीट नाहीये. कोणाकडे जास्तीचं असलं तर फुकट देतात म्हणे, म्हणून बोट वर करून फिरतात."

"फुकट? कशाच्या बदल्यात?"

"फुकट म्हणजे फुकट, नोरीन."

"अस्सं."

एकाने आम्हाला कलिंगडाची फोड पुढे केली. "दुसऱ्याने कापलेलं मी खात नाही," नोरीन म्हणाली. एका बाईने तिचं नाक उन्हाने लाल झालेलं बघून क्रीम पुढे केलं, तर नोरीनने आधी त्या ट्यूबवरचं सगळं वाचलं आणि मग परत दिलं. पुढे एका व्हॅनच्या आडून फुस्स फुस्स आवाज येत होता. तिथे एक उंच नळकांडं उभं होतं आणि एक माणूस त्यातून फुगे भरून पोरांना विकत होता. पोरं फुग्यातला नशेचा वायू तोंडाने ओढून घेत होती. एका मुलीचे पाय लटपटले, ती गवतात बसली आणि कशालाही कारण नसताना हसत सुटली. नोरीन तिच्याकडे बघत उभी राहिली. बसमध्ये एखादं पोर आजारी पडलं की बघते तशी.

आम्ही लोकांकडे संशयाने बघत होतो, पण लोकही आमच्याकडे तसेच बघत होते, हे माझ्या जरा उशिराने लक्षात आलं. नोरीनने खाकी पँट घातली होती, वर बसड्रायव्हरचं निळं जाकीट, काळा चष्मा, गळ्यात पक्षी बघायची दुर्बीण. आम्ही जिथे जाऊ तिथे बोलणं थांबायचं. शेवटी मण्यांच्या माळा घातलेला एक तरुण धीर करून पुढे आला.

"मॅडम, एक विचारू? तुम्ही पोलीस आहात का?"

"असते तर तुला सांगितलं असतं का?"

"विचारलं तर सांगावंच लागतं. कायदा आहे तसा."

"कोणी सांगितलं तुला हे?"

तो विचारात पडला. "एका पोलिसानेच," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला.

आम्ही पुढे गेलो तोवर बातमी आमच्या आधी पोचली होती. नळकांडं व्हॅनमध्ये गेलं, व्हॅनचं दार बंद झालं. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "ती बुटकी, टोपीवाली, ती वरची अधिकारी असणार." ती बुटकी म्हणजे मी.

बँड वाजवायला लागला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मला त्या संगीतातलं काही कळत नाही. पण गिटारवाला एका सुरावरून दुसऱ्यावर भटकत इतका लांब गेला की आता हा परत येत नाही असं वाटायला लागलं, आणि सगळं कुरण गप्प होऊन त्याच्याकडे बघत राहिलं. मग कुठून तरी मूळ चाल परत आली आणि हजारो माणसं एकदम ओरडली. माझ्या अंगावर काटा आला. नोरीनच्या नाही. ती दुर्बिणीतून गर्दी शोधत होती.

"सापडला," ती म्हणाली.

तिने दुर्बीण माझ्याकडे दिली. नारिंगी टोपी घातलेला डेल, एकटाच, डोळे मिटून नाचत होता. नाचत म्हणजे काय, डोलत होता. हात सैल सोडलेले, चेहऱ्यावर लहान मुलासारखं समाधान. त्या वाकलेल्या माणसाची पाठ तेव्हा सरळ होती.

"आमच्या लग्नात असाच नाचला होता," नोरीन म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "आणि गोळ्या घेतल्यावरही असाच."

मधली सुट्टी झाली. लोक पाणी, खाणं, मुतारीकडे निघाले. डेल मात्र उलट दिशेने, कुंपणाकडे चालू लागला. नोरीन त्याच्यामागे, मी तिच्यामागे. खाण्याच्या गाड्यांच्या पाठीमागे, कुंपणाला लागून एक घडीचं टेबल होतं. त्याच्याजवळ एक प्रचंड पांढऱ्या दाढीचा माणूस उभा. डेलने पाठीवरची पिशवी उघडली, आणि दोघं मिळून टेबलाखालच्या छोट्या नळकांड्यातून काहीतरी भरून टेबलाच्या पायांना बांधायला लागले. वर गेलं तेव्हा दिसलं.

फुगे. पिवळेधमक.

नोरीनने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ उठला. "फुगे विकतोय," ती म्हणाली. "गोळ्या सोडून आता हे. पोरांना विकतोय."

ती तरातरा निघाली. मी तिला कशीबशी शेवटच्या गाडीच्या कनातीपाशी अडवलं, कारण मला काहीतरी वेगळं दिसत होतं. लोक येत होते, पण फुग्यांना कोणी हात लावत नव्हतं. येत होते आणि गवतात गोल करून बसत होते. त्यात रंगीत शर्टवाले म्हातारे होते, झालरीची टोपी घातलेली एक तरुण मुलगी होती, टाय सैल केलेला एक माणूस होता. सगळ्यांच्या हातात पाणी किंवा कॉफी.

"सुट्टी छोटी आहे," दाढीवाला म्हणाला. "कोण बोलतंय?"

"मी," डेल म्हणाला. "मी डेल. गोळ्यांचा व्यसनी."

"बोल, डेल," सगळे म्हणाले.

डेलने टोपी काढून मांडीवर ठेवली. "मार्चमध्ये शेडमध्ये वाकताना पाठीतून परत तीच कळ गेली. घरी सांगितलं नाही. ट्रक काढला आणि जो मला पूर्वी गोळ्या विकायचा, त्याच्या घरासमोर जाऊन थांबलो. त्याच्या स्वयंपाकघरात दिवा होता. इंजिन चालूच ठेवलं. मग लिनवुडला फोन केला." त्याने दाढीवाल्याकडे बघितलं. "लिनवुड म्हणाला, दाराला हात लावू नकोस, नुसता बोलत राहा. मी बोलत राहिलो. काय बोललो आठवत नाही. बर्फ पडायला लागला तेव्हा घरी गेलो. नोरीनने विचारलं, उशीर का? मी म्हटलं, दगड उतरवायचा होता. गोळ्या सोडल्यापासून मी तिच्याशी बोललेलं ते पहिलं खोटं. गोळी घेतली नाही, पण ते खोटं अजून आत टोचतंय. सांगायला जातो, आणि तिचा चेहरा बघतो—"

"दगड नव्हता हे मला तेव्हाच कळलं होतं," नोरीन म्हणाली.

ती कनातीच्या बाहेर कधी आली ते मलाही कळलं नाही. सगळ्या माना वळल्या. झालरीच्या टोपीवाली पुटपुटली, "पोलीस!"

"पोलीस नाही," डेल म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "माझी बायको आहे."

"मग जास्तच अवघड आहे," मागून कोणीतरी म्हणालं. एकदोघे हसले.

"फोनवर पिवळं पिवळं म्हणत होतास ते हे?" नोरीनने विचारलं.

"हे. फुगे. नशेशिवाय राहायचंय अशा माणसाला इतक्या गर्दीत आपली माणसं लांबून दिसावीत म्हणून." मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "तुला वाटलं गोळ्या?"

"मला काय वाटायला हवं होतं?"

नोरीनने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. "मार्चचं तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

टायवाला माणूस म्हणाला, "बऱ्याच जणांना, हो."

"या टोपीवाल्या पोरीला माहीत. मला नाही." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी रात्रभर जागते, डेल. तुझा श्वास ऐकत."

"माहीत आहे मला. म्हणूनच नाही सांगितलं. मी आत गेलो नाही यावर तू विश्वास ठेवला असतास?"

नोरीनने विचार केला. खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही. "नसता ठेवला."

"आणि आता?"

"आता बघतेय."

लिनवुड टेबलाला रेलून उभा होता. "मी फोनवर होतो," तो शांतपणे म्हणाला. "तो आत गेला नाही."

"तुम्ही कोण? मी तुम्हाला ओळखत नाही."

"खरं आहे. माझ्यावरही विश्वास ठेवू नका," लिनवुड म्हणाला आणि तिच्यापुढे घडीची खुर्ची उघडली. "पण बसा."

ती बसली नाही. मात्र गेलीही नाही. बँडने परत वाजवायला सुरुवात केली, गोल मोडला, लोक जाता जाता डेलच्या खांद्यावर थाप मारत गेले. नोरीन आणि डेल कुंपणापाशी उभे राहून बोलत होते. मी लांब थांबले. परत येताना गाडीत ती माझ्याकडे वळली.

"मला आनंद व्हायला हवा ना?" ती म्हणाली.

"हो."

"मग घरात चोरी झाल्यासारखं का वाटतंय?"

त्यानंतर लिनवुड त्यांच्याकडे रविवारी जेवायला यायला लागला. पूर्वी लांब पल्ल्याचे ट्रक चालवायचा, आता नदीकाठी एका जुन्या ट्रेलरमध्ये एकटाच राहायचा. पहिल्या रविवारी नोरीनने त्याला परीक्षेला बसवल्यासारखं वागवलं. आईवडील कुठले, ट्रक का सोडला, बायको का गेली. त्याने सगळी उत्तरं दिली आणि मग उठून भांडी घासली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती त्याच्यासाठी गूळ घातलेला बीन्सचा हंडा चढवायला लागली. मला म्हणाली, "माणूस बरा आहे." नोरीनच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. डेलला तर तो देवासारखा होता.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मीही तिथे होते. बाहेर सगळं गोठलेलं. लिनवुड नेहमीपेक्षा जास्त बोलत होता, विनोद सांगत होता, नोरीनच्या बीन्सचं कौतुक करून झाल्यावर परत तेच कौतुक केलं. मला मजा वाटत होती. नोरीनने घास खाली ठेवला. आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग हातांकडे.

"लिनवुड, नाक का खाजवतोस सारखं?"

"ॲलर्जी आहे गं."

"नोव्हेंबरात? बाहेर एक पान तरी राहिलंय का झाडावर?"

लिनवुड हसला. डेल म्हणाला, "नोरीन, सोड ना."

"दिव्याकडे बघ, लिनवुड."

"नोरीन!" डेलने टेबलावर हात आपटला. तिच्यावर ओरडताना मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. "हा माझ्या घरी आलेला पाहुणा आहे. या माणसाने मला जिवंत ठेवलंय. तुला जगात एक तरी माणूस सरळ दिसतो का?"

"तू सरळ दिसायचा नाहीस, तेव्हाही मी बरोबर होते," ती म्हणाली. ती उठली, दाराजवळच्या खुंटीवरून लिनवुडच्या गाडीच्या किल्ल्या काढल्या आणि आपल्या खिशात टाकल्या. "याला गाडी चालवू द्यायची नाही. तुला माझा राग येऊ दे, डेल. खुशाल येऊ दे."

मी माझ्या ताटात बघत होते. मला वाटत होतं, या वेळी तिचं चुकावं. मनापासून वाटत होतं.

लिनवुड उठला, बाहेर गेला आणि तशा थंडीत कोटाशिवाय पायरीवर बसला. डेल त्याच्या मागे गेला. काचेतून मला दोघांच्या पाठी दिसत होत्या. लिनवुड काहीतरी म्हणाला. डेल त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने आपलं जाकीट काढून लिनवुडच्या खांद्यांवर टाकलं.

आत येऊन डेल म्हणाला, "ऑक्टोबरपासून परत घेतोय." आणि सिंकपाशी जाऊन नळ सोडून उभा राहिला.

"मी सांगितलं होतं" असं नोरीन म्हणाली नाही. तिने सोफ्यावर अंथरूण घातलं. लिनवुड त्या रात्री तिथेच झोपला, आणि सकाळी डेल त्याला उपचारकेंद्रात घेऊन गेला. निघताना लिनवुड नोरीनला म्हणाला, "तू सैतान आहेस." ती म्हणाली, "सँडविच पिशवीत आहे. अंड्याचं."

हिवाळाभर तो तिच्याशी बोलला नाही. डेलला फोन करायचा, तिने उचलला की ठेवून द्यायचा. तिला ते लागलं होतं, मला दिसत होतं. पण तिने कधी कुरकुर केली नाही. वसंतात तो सुटून आला आणि शेजारच्या गावात एका लाकडाच्या वखारीत कामाला लागला. एका रविवारी न सांगता दारात उभा राहिला. नोरीनने त्याच्याकडे नीट बघून घेतलं, वरपासून खालपर्यंत, आणि मग बाजूला झाली. तो आत येताना म्हणाला, "पास?" ती म्हणाली, "आजपुरता."

यंदाच्या उत्सवाला लिनवुड आला नाही. त्यालाच नको वाटलं, अजून लवकर आहे म्हणाला. फुगे डेलने लावले. नोरीन त्याच्याबरोबर गेली होती, टेबलामागे खुर्ची टाकून बसली आणि सगळा वेळ विणत होती. गाणी तिला अजूनही आवडत नाहीत. पण येणाऱ्या लोकांना तिची सवय झालीय. झालरीच्या टोपीवाली मुलगी म्हणे आता आल्या आल्या आधी तिच्यापुढेच जाऊन उभी राहते, डोळे मोठे करून.

परवा शाळा सुटल्यावर ती नेहमीसारखी माझ्या टेबलापाशी आली. मी तिला विचारलंच, "नोरीन, खरं सांग. डेलवर विश्वास बसला का आता?"

तिने प्रश्न गंभीरपणे घेतला. बसच्या किल्ल्या हातात खेळवत उभी राहिली.

"सकाळी असतो," ती म्हणाली. "दुपारनंतर कमी होत जातो. पूर्वी कमी झाला की मी त्याचे खिसे बघायचे. आता त्याला फोन करते आणि सांगते, डेल, कमी झालाय."

"मग तो काय म्हणतो?"

"काय म्हणणार? म्हणतो, बरं, हातातला दगड झाला की निघतो." तिने घड्याळाकडे बघितलं. "आज अजून केला नाही. थांब, बाहेर जाऊन करते."